मागितलेला वार

आमच्या मैदानावर लोक तलवारीला भीत नाहीत, माझ्या अंगठ्याला भितात. लढतीआधी प्रत्येकाचा मुखवटा मी हातात घेतो आणि तोंडावरच्या पोलादी जाळीवर अंगठा दाबून बघतो. जाळी जराशी जरी आत गेली तरी मुखवटा बाद, आणि मुखवटा बाद म्हणजे माणूस बाद. मग तो पुण्याहून गाडी करून आलेला असो, नाहीतर नगरसेवकाचा भाचा असो. "काका, आजच्या दिवस चालवून घ्या की," असं लाडीगोडी लावत जो येतो, त्याला मी बाद तर करतोच, वर सगळ्यांसाठी चहा आणायला पिटाळतो.

माझं नाव अमृत. तीस वर्षं शाळेत पीटी मास्तर होतो, त्यामुळे शिट्टी आणि खेकसणं या दोन्ही गोष्टी अंगात मुरल्या आहेत. निवृत्त झालो त्या दिवशी बायकोनं बजावलं, आता घरात शिट्टी वाजवायची नाही. म्हणून मी इथं येऊन वाजवतो.

इथं म्हणजे जुळे सोलापुरात, आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर. अंकिता नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, तिनं चार वर्षांपूर्वी हा उद्योग सुरू केला. जुन्या काळची तलवारबाजी, पण मिरवणुकीत दाखवतात तशी आधी ठरवून नाही, खरोखरीची. समोरचा कुठं मारणार हे आपल्याला माहीत नसतं, आपण कुठं मारणार हे त्याला माहीत नसतं. वार लागला की गुण. आता असं खेळायचं म्हटलं की दात पडणार आणि बोटं मोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून अंगावर चिलखत लागतं आणि डोक्यात नियम लागतात. चिलखतं आमच्या कॉलनीतली शिवबाई शिवते. जुन्या सोलापुरी चादरींचे सात थर एकावर एक घालून ती अशी जाड अंगरखी करते, की आतला माणूस उकडून निघतो पण त्याची बरगडी शाबूत राहते. शिवाय गळ्याला पट्टा, हातांना जाड मोजे, तोंडाला मुखवटा. नवख्याला नायलॉनची तलवार, मुरलेल्याला बोथट पोलादी.

नियम मात्र सगळे मी लिहिले. एकूण एकवीस आहेत. अंकिता म्हणते, "काका, लग्नाला सात पावलं पुरतात, तुम्हाला एकवीस नियम कशाला?" मी म्हणतो, लग्नात दोघांच्या हातात तलवारी नसतात.

त्यातला नववा नियम एका डोळ्याचा. ज्याला एकाच डोळ्यानं दिसतं त्याला लढत नाही, असं सगळं मैदान समजून आहे. तो नियम मी कुणामुळे लिहिला हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. या फेब्रुवारीतल्या मेळाव्याला तो माणूस स्वतःच आला.

सकाळचे आठ वाजले होते. साठेक खेळाडू रांगेत उभे होते आणि मी मान खाली घालून एकेका जाळीवर अंगठा दाबत होतो. एक मुखवटा पुढं आला. आमच्याच पेटीतला, उसना घेतलेला. जाळी पक्की होती.

"नाव?" मी विचारलं.

"सोमलिंग. मुक्काम दुधनी. वय लिवू नको, लाज वाटतीय."

आवाज तोच होता, हलगीच्याही वर ऐकू जाणारा. मला मान वर करवेना.

"अमऱ्या," तो म्हणाला, "एक डाव खेळू की. तुझ्यासंगं."

तेहतीस वर्षं मी या माणसासाठी झुरत होतो. अंघोळ करताना, शाळेच्या मैदानावर चुना टाकताना, मनातल्या मनात त्याच्याशी किती बोललो असेन याला गणती नाही. काय काय सांगायचं ते सगळं पाठ होतं. आणि तो समोर उभा राहिल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द काय बाहेर पडावा?

"नियम नऊ," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"एका डोळ्याला लढत न्हाय."

तो हसला. गॉगल काढून त्यानं खिशात ठेवला. उजवी पापणी मिटलेली होती, आत ओढलेली. डावा डोळा थोडा लाल होता आणि माझ्यावर रोखलेला होता.

"माझ्यावर केलास व्हय रे नियम?" तो म्हणाला. "मला एकदा इचारायचं तरी."

मागं रांगेत कुजबुज सुरू झाली. मी शिट्टी अंकिताच्या हातात दिली आणि सोमलिंगला घेऊन कडेच्या बाकावर जाऊन बसलो. बाद झालेल्या एका पोरानं चहा आणून दिला. सोमलिंगनं माझ्या हातून कप घेतला, दोन घोट मारले आणि हवापाणी सांगावं तसं सांगून टाकलं. डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे. काल दाखवायला आला होता, रात्री बहिणीकडं राहिला. तिच्या पोरीनं मोबाईलवर मेळाव्याची जाहिरात दाखवली, त्यात पंच म्हणून माझं नाव होतं.

"डॉक्टर म्हणतोय, अंधार कडंकडंनं मधी येणार. सहा म्हैने म्हन, वरीस म्हन. औषध टाकायचं, पर थांबंल असं न्हाय." त्यानं कप खाली ठेवला. "तवा म्हटलं, दिसतंय तवर एकदा खेळू. तुझ्यासंगं. दुसऱ्यासंगं खेळून काय करू?"

मला खेळायचं नव्हतं असं नाही. या आयुष्यात मला काय हवंय असं कुणी विचारलं असतं, तर पेन्शन वाढवून द्या असं म्हणण्याआधी मी हेच मागितलं असतं. पण तो उरलेला एक डोळा होता, आणि हात माझा होता. त्या हाताचा इतिहास मला माहीत होता.

आम्ही दोघं महिपती वस्तादांच्या तालमीतले. वस्ताद मिरवणुकीसाठी तलवारीचा एक खेळ बसवायचे, त्याला आमच्या तालमीत 'मागणी' म्हणत. एकाच्या हातात फक्त ढाल, दुसऱ्याच्या हातात फक्त तलवार. ढालवाल्यानं वार मागायचा आणि तलवारवाल्यानं मागितला तिथंच द्यायचा. मागितल्याशिवाय वार द्यायचा नाही, हा तालमीचा नियम. एकवीस नव्हते, एकच होता. मुखवटा नाही, गळपट्टा नाही, डोक्याला फेटा आणि अंगात सदरा. सोमलिंग मागणारा आणि मी देणारा. जोडी अशी जमली होती की गणपतीत दुसऱ्या मंडळाची पोरं लेझीम थांबवून आमच्याकडं बघत राहायची. हे मी सांगतोय, तेव्हा थोडं कमी करून घ्या.

सोमलिंगच्या घरात कन्नड बोलत. तो वार मागायचा ते आकड्यांत, आणि आकडे त्याच्या आईच्या भाषेतले. ओंद म्हणजे डोकं, एरड म्हणजे खांदा, मूर म्हणजे कमर आणि नाक म्हणजे गुडघा. त्यांच्या बोलीत चाराला नाक म्हणतात. मला ते आकडे इतके भिनले होते की एकदा मंडईत मी बाईकडं "नाक लिंबं द्या" म्हणून मागितली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं. लोकांना कळेल असं मागा, म्हणाले. आकडे नकोत, त्यातून कन्नड तर नकोच. सरळ डोकं म्हणा, खांदा म्हणा, कमर म्हणा, गुडघा म्हणा. पंधरा दिवस आम्ही तसा सराव केला. सोमलिंग रोज कुरकुरायचा. "गुडघा म्हनंपर्यंत माझा गुडघा मोडंल की बे," म्हणायचा.

विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीला हलगी चढली, लोक ओरडायला लागले आणि सोमलिंगची जीभ आपल्या घरी गेली. "डोकं! खांदा! कमर!" आणि मग, "नाक!"

तो चार म्हणाला होता. त्याची ढाल गुडघ्याकडं गेली. मी मात्र पंधरा दिवस अवयवांची नावं ऐकून पक्का झालेलो. मला नाक ऐकू आलं आणि मी नाकाकडं दिला. तलवारीला धार नव्हती. डोळा जायला धार लागत नाही.

चूक कुणाची, यावर तालमीत महिनाभर काथ्याकूट झाला. कुणी म्हणे त्याची जीभ घसरली, कुणी म्हणे याचे कान. मला त्यात कधी शंका वाटली नाही. त्याच्या भाषेतला चार मला येत होता. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मराठी माणसानं तिथं नाकावर मारलं असतं तर ती चूक ठरली असती. माझी चूक नव्हती ती, माझा गुन्हा होता.

दवाखान्यात मी एकदाच गेलो. त्याची आई रत्नम्मा खाटेजवळ बसली होती. तिनं खाटेखालचं स्टूल ओढून माझ्यापुढं ठेवलं. मी त्या स्टुलाकडं बघितलं आणि तसाच मागं फिरलो. पुढं त्याला दुधनीला मामाच्या अडत दुकानात पाठवलं असं कानावर आलं. दुधनी काही लंडनला नाही. सकाळी रेल्वेत बसलं की भाकरी पचायच्या आत माणूस पोचतो. किती रविवार मी स्टेशनपर्यंत गेलो आणि फलाटावर शेंगा खाऊन परत आलो. वस्तादांनी मला पुन्हा तलवार धरायला सांगितली, मी धरली नाही. अंकितानं बोलावलं तेव्हासुद्धा मी अट घातली होती, मी नियम लिहीन, शिट्टी वाजवीन, पण खेळणार नाही.

"लग्नाची पत्रिका धाडलती," सोमलिंग बाकावर म्हणाला.

"मिळाली होती."

"पोरीच्या बारशाची धाडली."

"तीही मिळाली."

"आई गेली तवा तार केली."

समोर दोन पोरं एकमेकांवर तुटून पडली होती, चादरीच्या थरांवर धप्प धप्प आवाज येत होता.

"मग आला का न्हाईस बे?"

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"हाय त्याच की. तुझं दुसरं तोंड मी कुटं बगितलंय?" तो हसला आणि मग हसायचं थांबला. "अमऱ्या, डोळा गेला तो एका दिसात गेला. त्याचं काय न्हाय, एका डोळ्यानंबी तूर वळखता येती. तुझी वाट बगण्यात लई वरसं गेली बग."

मला वाटायचं, त्याला माझं तोंड बघायचं नाही. खरं सांगायचं तर तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. तो माझ्यावर चिडून असता तर मला न जाण्याला कारण होतं. तो वाट बघत होता म्हटल्यावर माझ्यापाशी कारणच उरलं नाही.

"म्हनून म्हनतो, एक डाव खेळू," तो म्हणाला. "सगळं अंगावर चढवतो. तुझा मुखवटा, गळपट्टा, काय म्हनशील त्ये."

"मुखवट्यातनं टोक आत जायचं लाखात एकदा होतं," मी म्हणालो. "पण होतं. तुझ्यापाशी तेवढा एकच उरलाय."

"तोबी जायचाच हाय."

"जाऊ दे. माझ्या हातनं नको."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "दुपारची गाडी हाय," म्हणाला. "नियम चांगले हायेत तुझे. तवा असते तर बरं झालं असतं." त्यानं उसना मुखवटा बाकावर ठेवला आणि गॉगल चढवला. मी त्याला थांबवलं नाही. थांब म्हणावं आणि पुढं काय म्हणावं, हे मला सुचत नव्हतं.

अंकिता आमच्या मागंच उभी होती. या मुलीला दुसऱ्याचं बोलणं ऐकण्याची वाईट खोड आहे, आणि त्या दिवशी त्या खोडीचं भलं होवो असंच मी म्हणेन. तिच्या हातात नियमांची फाईल होती.

"सोमलिंगकाका, दोन मिनिटं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "काका, नियम नऊ तुम्हीच लिहिलाय ना? वाचून दाखवू?"

"पाठ आहे मला."

"तरी ऐका." तिनं वाचलं. "एका डोळ्याने दिसत नसलेल्या खेळाडूवर कोणत्याही परिस्थितीत वार केला जाणार नाही."

"मग? तेच तर सांगतोय."

"त्याच्यावर वार केला जाणार नाही असं लिहिलंय. त्यानं वार करायचा नाही, असं कुठं लिहिलंय?"

मी फाईल तिच्या हातातून ओढून घेतली. शब्द माझेच होते. एकेक शब्द पारखून लिहिणारा मी, आणि इतकं मोठं भगदाड ठेवून बसलो होतो. ते का राहिलं ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं सोमलिंग नव्हताच, फक्त मारणारा माझा हात होता. त्याचेही हात आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही ढाल घ्यायची," अंकिता म्हणाली, "आणि त्यांनी तलवार. तुम्ही मारायचंच नाही."

"मागणी," सोमलिंग म्हणाला. गॉगल त्यानं पुन्हा काढला होता. "तू माग, मी देतो. व्हय की न्हाय?"

नाही म्हणायला माझ्यापाशी बाविसावा नियम नव्हता.

दोघातिघांनी मिळून मला चिलखतात कोंबलं. बासष्ट वर्षांचं पोट शिवबाईच्या मापात बसेना. एकानं पाठीला गुडघा लावून बंद आवळले, दुसऱ्यानं "श्वास सोडा मास्तर, श्वास सोडा," म्हणून बाळंतपण करावं तसा आवाज लावला. मग मुखवटा आला. चार वर्षं मी शेकडो मुखवटे तपासले, पण स्वतःच्या तोंडाला एकही लावला नव्हता. आत दुसऱ्यांच्या घामाचा वास होता आणि सगळं मैदान बारीक चौकटींतून दिसत होतं. सोमलिंगलाही पूर्ण साज चढवला. मार बसणार नसला तरी चढवला, तिथं मी कुणाचं ऐकलं नाही. त्याच्या हातात नायलॉनची तलवार दिली आणि माझ्या हातात ढाल.

लढती थांबवून सगळे भोवती गोळा झाले. आम्ही जमिनीला हात लावून कपाळाला लावला. तो उभा राहिला आणि त्याचे पाय आपोआप जागेवर गेले, उजवा पुढं, टाच किंचित उचललेली. पाय विसरले नव्हते.

"माग की बे," तो म्हणाला.

मला मागता येईना. मी आयुष्यभर देणारा. ढाल धरून समोर उभं राहायचं आणि आपल्याच तोंडानं, मला इथं मार असं म्हणायचं, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. सोमलिंगनं ती वर्षानुवर्षं माझ्यासमोर केली होती, माझ्या हातावर भरवसा ठेवून.

"डोकं," मी म्हणालो. आवाज मुखवट्यातच फिरला.

तलवार आली. वरून सरळ, देखणी, जुनीच. आणि माझ्या तोंडापुढून वीतभर अंतरावरून खाली निघून गेली.

"खांदा."

तीही हवेतच गेली. मागं कुणीतरी खुसखुसलं.

"कमर."

वारा लागला, तलवार लागली नाही. माझं डोकं तडकलं. तेहतीस वर्षांनी आला आणि माझ्यावर दया दाखवतोय! मी ढाल खाली केली आणि शाळेत पोरांवर ओरडायचो तसा ओरडलो. "नीट दे की! गोंजारायला आलास काय?"

"देतोय की," तो म्हणाला. मग जरा थांबून, हळू आवाजात, "लागंना का?"

जाड मोज्यात हाताला काही कळत नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल. दोरा दिसतो, सुई दिसते, मधलं अंतर दिसत नाही. मघाशी बाकावर चहाचा कप घेताना त्यानं आधी माझं मनगट चाचपून धरलं होतं. मला वाटलं होतं, मायेनं धरलं. मी त्याचा एक डोळा नेला असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि त्या डोळ्याबरोबर काय काय गेलं याची मी चौकशीही केली नव्हती. त्याला मी दिसत होतो. किती लांब आहे, ते दिसत नव्हतं.

"माझंच चुकलं," मी म्हणालो. "मी मागं सरलो होतो. दे."

"माग."

"गुडघा," मी म्हणालो. सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करून म्हणालो. मुखवट्याच्या आत तो खुदकन हसला. तलवार उचलली गेली, आणि ती खाली यायच्या आत मी वीतभर पुढं सरकलो. सहावा नियम सांगतो की अंतर राखा, समोरच्याच्या वारात शिरू नका. मी शिरलो. गुडघ्याच्या गादीवर फाडकन आवाज झाला.

"लागला?" त्यानं विचारलं.

"लागला."

त्याचा सगळा नूर बदलला. खांदे सैल झाले, पाय हलायला लागले. मी डोकं मागितलं आणि पुढं सरकलो, डोकं झणझणलं. खांदा मागितला, पुढं सरकलो, शिवबाईच्या सातही चादरी पार करून वार हाडाला कळला. कमर मागितली. ढाल मधे घालायची असते हे मी विसरूनच गेलो. प्रत्येक वेळी तो विचारायचा, "लागला?" आणि मी म्हणायचो, "लागला." खुसखुसणारे गप्प झाले होते. मला दुखत होतं, दम लागला होता, आणि इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. हे संपू नये असं वाटत होतं. आज दुपारी तो गाडीत बसणार, मग सहा महिन्यांनी कधीतरी त्याला मीही दिसेनासा होणार, आणि आत्ता, या घडीला, मी त्याला दिसतोय. तेवढ्यासाठी मी अजून शंभर वार मागितले असते.

"डोकं," मी म्हणालो.

वार आला नाही. त्यानं तलवार अर्ध्यातच धरली होती आणि मान एका बाजूला कलवली होती.

"अमऱ्या," तो म्हणाला, "तू पुढं येतुयास."

मी पाय जागच्या जागी रोवले.

"बुटाचा आवाज येतुया की. मी वार उचलला की खर्र वाजतंय." त्यानं तलवार खाली घेतली. "मला वाटलं, माझा नेम बसाय लागला."

खोटं बोलायला मुखवट्यासारखी सोय नाही. तोंड दिसत नाही, डोळे दिसत नाहीत. दोन-तीन थापा तयारही झाल्या होत्या. माती भुसभुशीत आहे, बूट मोठे आहेत. पण या माणसापुढं आणखी किती वर्षं लपायचं?

"व्हय," मी म्हणालो. "येतोय."

अंकितानं शिट्टी तोंडात धरली होती आणि ती वाजवायचं तिच्या ध्यानात नव्हतं. सोमलिंगच्या जाळीआड मला काही दिसत नव्हतं, नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"तेहतीस वरसं लागली की बे तुला," तो म्हणाला, "वीतभर पुढं यायला."

मी डोळे पुसायला हात वर नेला, तो जाळीवर आपटला.